सोनोग्राफीचा इतिहास : थंड जेल, भरलेली लघवी आणि भिंतीवरची पाटी

अमरावतीचं डफरीन घ्या, नाहीतर अकोल्याचं लेडी हार्डिंग. सोनोग्राफीला आलेल्या बाईच्या वाट्याला तीन गोष्टी येतात : पोटावरची थंड जेल, ‘लघवी रोखून ठेवा’ ही सूचना, आणि इथे गर्भलिंग निदान होत नाही अशी पाटी. तिन्हींना इतिहास आहे.

१८८० साली जॅक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं, की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की ते कंप पावतात. पहिल्या महायुद्धात लान्जव्हँ यांनी त्याच गुणधर्मावर पाणबुड्या शोधण्याचं यंत्र उभारलं. पुढे कारखान्यांत धातूतल्या भेगा अशाच आवाजाने शोधू लागले. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ मध्ये काढलेल्या गाठी घेऊन थेट बॉयलरच्या कारखान्यात गेले! १९५८ मध्ये मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांच्यासोबत त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

तत्त्व सोपं आहे. कानाला न ऐकू येणारा आवाज शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, अवयवांच्या सीमेवरून परततो. परतायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते, चित्र तयार होतं. यात एक्स-रे नाही. अडचण हवेची : हवा लागली की जवळजवळ सगळा आवाज माघारी फिरतो. म्हणून जेल लावून कातडी आणि यंत्रामधली हवा काढतात. भरलेलं मूत्राशय गॅसची आतडी बाजूला सारतं आणि गर्भाशय दिसतं. पित्ताशय पाहायचं तर उपाशीपोटी, कारण जेवलं की ते आकसतं. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता पाटी. ज्या चित्राने अवघड बाळंतपण आधी कळतं, तेच पोरीच्या जिवावर उठलं. गर्भजलतपासणीपाठोपाठ सोनोग्राफीही त्या कामाला लागली. महिला संघटनांच्या लढ्यातून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरी राज्यात हजार मुलांमागे सहा वर्षांच्या आतल्या मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. म्हणजे कायदा आला, पण घसरण थांबली नाही.

म्हणून गरोदर बाईच्या तपासणीआधी भरून घेतात त्या फॉर्मला कटकट समजू नका. तपासणी का केली, कोणी केली, याची ती नोंद आहे. आणि ‘काय आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारूच नका. बाळ बरं आहे का, एवढं विचारा.