पाठचे भावंड

धाकट्या भावंडाला 'पाठचे' म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. पाठचा भाऊ, पाठची बहीण हे शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो, की त्यांतील चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. थोरल्याच्या पाठीवर पाय देऊन धाकटे या जगात येते, अशी जुन्या बायकांची कल्पना; आणि त्या पावलाचा भार थोरल्याला सोसावा लागतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. अंगावरचे दूध तुटण्यापूर्वीच दुसऱ्याची चाहूल लागली, की पहिले मूल चिरचिरे होते, पोट पुढे येते, हातापायांच्या काड्या होतात. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, याच अवस्थेचा अभ्यास केला आणि 1935 साली तेथील गा भाषेतला 'क्वाशिओरकोर' हा शब्द वैद्यकात रूढ केला. नवे मूल आले की आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. सातासमुद्रांपलीकडच्या बायकांनी आणि आपल्याकडच्या बायकांनी एकच गोष्ट पाहिली होती.

मोठ्यांच्या इतिहासात लहान मुलांना फारशी जागा मिळत नाही. राजपुत्राचे बारसे बखरीत सापडते. पण त्याची दुपटी कोणी धुतली, हे बखरकाराने लिहून ठेवलेले नाही. दोन लहानग्यांचे घर कसे चालत आले, हे शोधायचे तर कायदे, वैद्यकीय अहवाल, माणसांची नावे आणि बायकांची भाषा यांतूनच वाट काढावी लागते.

हा शोध मला सुचला तो म्हैसूरला, सरस्वतीपुरममध्ये. तेथे माझ्या मुलीचे बिऱ्हाड आहे. तीन वर्षांची नात आणि दहा महिन्यांचा नातू असा तिचा प्रपंच. एका मुलाच्या श्रमाला दोनाने गुणले की दोन मुलांचे श्रम निघतात, असा अविवाहितांचा समज असतो. प्रत्यक्षात एकाला निजवावे तो दुसरे उठते. एकाचा भात भरवून होतो तो दुसऱ्याने उरलेला भात आपल्या आणि मांजराच्या डोक्यावर थापलेला असतो. थोरली धाकट्याचा मुका घेते आणि त्याच आवेगात त्याला ढकलूनही देते. सायंकाळी दोघांना कुक्करहळ्ळी तळ्याकाठी न्यावे, तर निघेपर्यंत एकाचे कपडे तीनदा बदललेले असतात. आणि तरीही रात्री दिवा मालवल्यावर थोरली धाकट्याला आपल्याच बोबड्या बोलांत काहीबाही सांगते, तो खिदळतो, आणि दिवसभराच्या शिणलेल्या माणसांना अंधारात हसू आवरत नाही.

संक्रांतीला आम्ही धाकट्याचे बोरनहाण केले. शेजारच्या कन्नड आजींना त्याचे नवल वाटले नाही. त्यांच्याकडेही त्या दिवशी लेकरांच्या डोक्यावर 'यलची हण्णु', म्हणजे बोरेच, उसाच्या करव्यांसह ओततात. सीमा नकाशावर असतात. बोरे वेचणाऱ्या पोरांना त्या ठाऊक नसतात. थोरलीने मूठभर बोरे पटकावली, धाकट्याने एक गालात कोंबले, आणि ते बाहेर काढीपर्यंत चार घरांच्या बायका धावल्या.

'आमच्या वेळी इतका त्रास नव्हता' असे म्हणणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. जुन्या वाड्यात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती मिळे. शेकशेगडी, धुरी, तेल लावून पायांवर घेऊन घातलेले न्हाण, सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा यांचे मोजके वेढे देऊन केलेली गुटी, चांदीचे बोंडले, हे सारे वडील बायका सांभाळीत. थोरल्याला कडेवर घेऊन फिरणारे कोणीतरी घरात असेच. हे 'कोणीतरी' म्हणजे बहुधा एखादी विधवा आत्या किंवा मावशी. तिच्या श्रमाला मोल नव्हते आणि तिला नकार देण्याची मुभा नव्हती. वाड्यातल्या लेकुरवाळ्या संसाराचे पुष्कळसे सुख तिच्या पाठीवर उभे होते.

शिवाय त्या सुखाला सतत धाक असे. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुले पहिला वाढदिवसही पाहत नसत. धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा, भिकाजी, कोंडाजी ही नावे आपण विनोदाने घेतो. आधीची भावंडे दगावली म्हणून पाठच्याला केरावर टाकून उचललेला, भीक म्हणून मागून घेतलेला, कोंड्याच्या मोलाने विकत घेतलेला असे नाव देऊन आईबाप नियतीची नजर चुकवू पाहत. आनंदीबाई जोशी यांचे तान्हे मूल 1878 साली दहा दिवसांचे होऊन गेले. 1886 साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा.

मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्या आणि कोकण-घाटावरची बाई चाळीत आली, तेव्हा वाडा मागे राहिला. आत्या नाही, अंगण नाही, आणि दिवसपाळीला दहा तास यंत्रापुढे उभे राहायचे. तान्ह्याने निजून राहावे म्हणून त्याला 'बाळगोळी' देत. नाव गोजिरवाणे, आत अफू. 1920 नंतरच्या दशकातील सरकारी पाहण्यांत गिरणीत जाणाऱ्या बायकांची जवळजवळ सर्वच तान्ही मुले या गोळीवर वाढत असल्याचे नमूद झाले. त्या आयांना निष्ठुर म्हणणारे लेखही तेव्हा लिहिले गेले. मात्र दारात सहा तास रडणाऱ्या मुलाला कोणी घ्यावे, याचे उत्तर त्या लेखांत सापडत नाही.

उत्तराचा प्रारंभ विधिमंडळात झाला. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिकाळातील भत्त्याचे विधेयक आणले होते. ते फेटाळले गेले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना, आईला बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर पडता कामा नये, असा मुद्दा मांडला. 1929 साली मुंबईचा कायदा झाला. या देशातील तो पहिला. आज 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, ती पहिल्या दोन मुलांपुरती. माझ्या मुलीला ती दोनदा मिळाली. मात्र ही रजा नोकरीच्या हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीची, हे ध्यानात ठेवावे.

दोन मुलांमधले अंतर आपल्या हाती असावे, हा विचार त्याहून धाडसाचा होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि त्या मतांपायी त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. पुण्या-मुंबईतील सभ्य समाजाने त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले भरले; पण 1930 साली म्हैसूर संस्थानाच्या सरकारने स्वतःच्या रुग्णालयांतून अशी केंद्रे उघडण्यास मंजुरी दिली. सरकारने चालविलेली जगातील ही पहिलीच केंद्रे मानली जातात. एका संस्थानी राज्याने हे करावे आणि आम्हां सुधारकांच्या प्रांताने मागे राहावे, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

अंतर राखता आले नाही, तर थोरल्याच्या दुधाचे काय? त्याचेही एक उत्तर म्हैसूरलाच निघाले. सरस्वतीपुरमपासून फार दूर नसलेला चेलुवांबा प्रासाद एका राजकन्येसाठी बांधला गेला होता. 1950 साली त्यात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळी तान्ह्या मुलांचे डबाबंद दूध बहुतांशी परदेशातून येई, आणि आपल्या देशात दूध मुबलक ते म्हशीचे. म्हशीचे दूध बालकाला चालणार नाही, असे पाश्चात्त्य तज्ज्ञांचे मत. त्यात स्निग्धांश अधिक, आणि पोटात त्याचे दही घट्ट बसते. येथील शास्त्रज्ञांनी स्निग्धांश कमी करून, क्षारांचे प्रमाण बदलून ते दही मऊ केले, साखर व जीवनसत्त्वे मिसळून त्याची भुकटी केली. आणि आणंदच्या सहकारी दुग्धसंस्थेने ती घरोघर पोहोचविली. आमच्या आज्या 'वरचे दूध' म्हणत, त्याला असा शास्त्राचा आधार मिळाला. पुढे डब्यावरच्या गुबगुबीत बाळाने आईच्या दुधालाच मागे सारायला आरंभ केला, तेव्हा 1992 साली अशा जाहिरातींवर कायद्याने बंदी घालावी लागली.

परंतु या सर्व प्रयत्नांत एक मूल कोणाच्याच नजरेस पडले नव्हते. ते दिसले ताराबाई मोडकांना. गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालविले. आणि 1945 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, शहर सोडून अनुताई वाघांसह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला मुक्काम हलविला. खेड्यातली गरीब मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची असे ठरले, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे ध्यानात आले, की शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भावंड आहे. आईबाप मजुरीला जातात. सात वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला दिवसभर वागविते. ती शाळेच्या कुंपणाशी उभी राहून आत बघे, पण भाऊ रडला की तिला निघावे लागे. तिला शाळेत आणायचे तर आधी तिच्या कडेवरचे ओझे उतरवून घेतले पाहिजे. म्हणून ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. बहीण येताना भावाला पाळण्यात ठेवी आणि पाटी घेऊन पलीकडे बसे. गुरे राखणाऱ्यांसाठी तर शाळाच कुरणावर गेली. बालशिक्षणावरचे मोठमोठे ग्रंथ मी वाचले आहेत. या एका युक्तीत जितका मुलांचा विचार आहे, तितका मला त्यांत क्वचितच आढळला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. कर्नाटकातील तिचा पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातच, टी. नरसीपूर तालुक्यात निघाला. बोर्डीच्या अंगणात घडलेला शब्द अशा रीतीने कावेरीकाठी पोहोचला. मात्र शब्दाबरोबर कोसबाडचा पाळणा आला नाही. अंगणवाडीतील शाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. त्याहून लहानांना शिधा मिळतो, दिवसभराचा आसरा नाही. अगदी अलीकडे, 2023 पासून, कर्नाटकाने ग्रामपंचायतींत 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, उघडायला आरंभ केला आहे. ती सोय खेड्यातल्या, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी आहे.

मुलगी कामावर जाते तेव्हा आमच्या नातवंडांना सांभाळायला एक बाई येतात. थोरलीला त्या कन्नड गाणी शिकवितात, धाकटा त्यांच्याखेरीज कोणाच्या हातून जेवत नाही. त्यांचीही दोन लहान आहेत. चार वर्षांचे दुपारपर्यंत अंगणवाडीत जाते. दीड वर्षाचे घरी असते, थोरल्या बहिणीपाशी. ती मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत आहे. शाळेत आठवड्यातून किती दिवस जाते, असे मी विचारले तेव्हा, आजी घरी असली की जाते, असे त्यांनी सांगितले, आणि धाकट्याच्या तोंडाचा भात पुसला.