झुला नावाचे मांजर

तुम्ही अ‍ॅबिसिनियन मांजर जवळून पाहिले आहे का? अंगावर पट्टे शोधाल तर दिसणार नाहीत. ते असतात एकेका केसावर: फिकट, गडद, पुन्हा फिकट. लांबून रंग रानसशासारखा दिसतो. माझ्या शेजारणीकडे असे एक मांजर आहे. "आमचे हे इथिओपियाचे," ती अभिमानाने सांगते. इतिहासाचा अभ्यासक असल्याने मला गप्प बसवत नाही.

हे नाव एका स्वारीतून आले. सम्राट तेवोद्रोसने युरोपीय लोकांना कैदेत ठेवले, म्हणून ब्रिटिशांनी १८६७-६८ मध्ये अ‍ॅबिसिनियावर फौज धाडली. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती. स्वारीची तयारीही मुंबईतच झाली. सोबत ४४ हत्ती होते. तांबड्या समुद्राच्या काठी झुला या गावाजवळ तळ पडला. (आपला झुला नव्हे, पण मला वाचताना दर वेळी तोच आठवतो.) १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाचा किल्ला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिथून लुटलेली शेकडो हस्तलिखिते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

मांजर येते ते १८७४ मध्ये. गॉर्डन स्टेबल्सच्या मांजरांवरच्या पुस्तकात एका मांजरीचे चित्र आहे. नाव झुला, मालकीण कॅप्टन बॅरेट-लेनर्ड यांची पत्नी. युद्ध संपल्यावर ही अ‍ॅबिसिनियातून आणली, असे खाली लिहिले आहे. नावाचा सगळा आधार एवढाच! मुंबईची जहाजे त्या तळाला महिनोन्‌महिने लागत होती आणि जहाजांवर उंदरांसाठी मांजरे असतच. झुला तिथल्या डोंगरातली की आपल्या मुंबईच्या गोदीतली, हे त्या ओळीवरून कसे ठरवणार?

शिवाय नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात असेच एक पेंढा भरलेले मांजर आहे. ते १८३० च्या दशकात, म्हणजे स्वारीच्या तीसेक वर्षे आधी विकत घेतलेले, आणि त्याच्या चिठ्ठीवर मूळ देश 'इंडिया'. पण लगेच हुरळून जाऊ नका. डच लोकांच्या तोंडी तेव्हा जावा-सुमात्राही 'इंडीज'च होते. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा केसांमागचे डीकेके४ हे जनुक दाखवून दिले. त्यातून रंग कसा उमटतो ते कळते, बंदर कळत नाही.

परवा शेजारीण मांजराचा फॉर्म भरत होती. "मूळ देश काय लिहू?" मी म्हटले, नावाप्रमाणेच जायचे असेल तरी जपून. झुला आज इथिओपियात नाही, एरिट्रियात आहे.