भोपळा, पखाल आणि पाय

माणूस पाण्यावर तरंगायला कसा शिकला याची हकिगत लिहिणाऱ्यांनी तरंगणाऱ्या वस्तूकडे फार लक्ष दिले आणि माणसाच्या पायांकडे फारच थोडे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. भोपळा, पखाल, टोपली, नाव ही वंशावळ आपल्याला तोंडपाठ असते. पण भोपळ्यावर तरंगणारा माणूस पुढे सरकतो कसा, आणि सरकताना त्याचे हात कोठे गुंतलेले असतात, हे कोणी विचारीत नाही. मासे धरणाऱ्याचा सगळा संसार तर या हातांवरच चालायचा.

आमच्या वडवणीच्या बाजूला पाणी म्हणजे पाहुणा. आला तर आला. तरी पोरे पोहायला शिकतच. विहिरीत उतरायचे ते पाठीला वाळलेला भोपळा बांधून, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आधार घेऊन. हा भोपळा काही साधा नव्हे. सैन्य नदीपार कसे न्यावे हे सांगताना कौटिल्याने अर्थशास्त्रात हत्ती, पूल आणि नावा यांच्या बरोबरीने त्याला बसवले आहे. ‘अलाबु’ म्हणजे भोपळा आणि ‘दृति’ म्हणजे फुगवलेली कातडी पिशवी.

या दृतीनेच पुढे एका बादशहाचा जीव वाचवला. 1539 साली चौसा येथे शेरखानाने हुमायूनची दाणादाण उडवली, तेव्हा गंगेत बुडू लागलेल्या हुमायूनला निजाम नावाच्या भिस्त्याने आपल्या पखालीच्या आधाराने पैलतीरी नेले. त्याची परतफेड म्हणून भिस्त्याला थोडा वेळ तख्तावर बसवले, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली असते. पण पखालीवर पडलेल्या माणसाची स्थिती पाहायची असेल तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले असुरी शिल्प पाहावे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या असुर-नासिर-पाल राजाच्या निमरूद येथील राजवाड्यातले ते आहे. सैनिक फुगवलेल्या कातड्यांवर नदी ओलांडीत आहेत. एका हाताने कातडे पोटाशी धरले आहे, दुसऱ्याने पाणी मागे लोटणे चालू आहे. दोन्ही हात कामात! असा माणूस नदी पार करील, पण मासा कशाने धरील?

आपल्याकडे पखालीची जागा मोटारीच्या ट्यूबने घेतली. 1976 साली जायकवाडी पुरे झाले, मग शेजारी सिंदफणेवर माजलगावचे धरण आले, आमच्या तालुक्यात ऊर्ध्व कुंडलिकेचा तलाव झाला, आणि जिथे गुडघाभर पाण्यात मासे धरले जात तिथे आता जाळे सोडायला खोल पाण्यात जावे लागू लागले. नाव परवडत नाही. मग ट्रकची ट्यूब फुगवायची, वर बसायचे आणि दोन्ही हातांत लाकडाच्या फळ्या घेऊन पाणी मारीत जायचे. जाळे ओढायचे झाले की फळ्या मांडीखाली. एवढ्यात वारा सुटला तर माणूस जाळ्यासकट तलावाच्या मधोमध निघतो. रोहू-कटल्याच्या चार शेरांसाठी हा धोका रोज पत्करला जातो.

या हातातल्या फळ्या पाहिल्या की मला बेंजामिन फ्रँकलिन आठवतो. विजेचा शोधक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण पोरवयात, अठराव्या शतकाच्या आरंभी, त्याने चित्रकाराच्या रंगफळीसारख्या दोन लंबगोल फळ्या केल्या होत्या. दहा इंच लांब, सहा इंच रुंद, अंगठ्यासाठी भोक. पोहण्याचा वेग वाढला, पण मनगटे भरून आली. मग त्याने तळपायांना एक प्रकारच्या चपला बांधून पाहिल्या. त्यांनी त्याचे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारणही त्यानेच लिहून ठेवले आहे: पाण्याला रेटा नुसता तळपाय देत नाही, पायाची आतली बाजू आणि घोटाही देतो. दोनशे वर्षांनंतरच्या कारागिरांना जे शिकावे लागले ते या पोराने आधीच हेरले होते.

पुढे फ्रेंच आरमारातील लुई द कॉर्लियू या अधिकाऱ्याने 1914 साली रबरी फिन सहकाऱ्यांना दाखवले, आणि त्याचे पेटंट 1933 साली घेतले. अमेरिकेचा ओवेन चर्चिल, 1932 च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीचे सुवर्णपदक मिळवणारा, त्याने परवाना घेऊन 1940 च्या सुमारास तिकडे विक्री सुरू केली. महायुद्धात पाणबुड्या सैनिकांच्या पायांत ते गेले, आणि युद्धानंतर गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनी उचलले. ट्यूबमध्ये झोळीसारखी बैठक, पाय खाली पाण्यात, पायांत फिन, दोन्ही हात गळाला मोकळे. पाय पुढे झाडायचे की स्वारी पाठमोरी चालू लागते. पाठीला डोळे नसतात, तेव्हा मान वळवण्याची सवय हवी, एवढेच.

माझ्या भाच्याने मागे पुण्याहून अशी जोड आणली, ती पाणबुड्यांची, लांब पात्याची. बसलेल्या माणसाला ती नकोच. उभा पोहणारा मांडीतून लाथ मारतो, ट्यूबमधला गुडघ्यातून; लांब पाते ओढता ओढता त्याच्या पोटरीत गोळे येतात. पाते आखूड आणि रुंद बरे. टाच उघडी व मागे पट्टा असावा, कारण थंड पाण्यासाठी घातलेल्या बुटासकट पाय आत गेला पाहिजे. अनवाणी घातले तर पट्टा टाच सोलतो. जाड मोजा तरी हवाच. बोटे आत हलली पाहिजेत, पण पाय जोराने झटकला तरी फिन सुटता कामा नये. घट्ट बसले तर पाय बधिर होतो, सैल बसले तर अर्धी लाथ चपलेतच विरते. घोट्याला दोरी बांधावी. निसटलेले फिन, तेही बुडणाऱ्या जातीचे असले, तर तळातून कोण काढणार? काठावर चालायचे ते मात्र उलटे, पाठ पाण्याकडे करून. सरळ चालणारा पात्यात अडखळून तोंडावर पडतो. आणि अंगात तरंगते जाकीट हवेच. फुटलेली ट्यूब कोणाचीही नसते.

ही जोड मी आमच्या तलावावरच्या एका भोयाला दाखवली. त्याने ती उलटसुलट केली, पात्याला वाकवून पाहिले, अंगठा पट्ट्यावर फिरवला.

“गुरुजी, पाय तर चालंल,” तो म्हणाला, “पर ह्ये बक्कल जाळ्यात गुतंल. मंग मी बी जाळ्यात.”

गळवाल्या अमेरिकनाला हा प्रश्न कधी पडलाच नसावा. त्याला जाळे नसते. दोन दिवसांनी पाहिले तर आमच्या भोयाने दोन्ही पात्यांचा निम्मा भाग कापून टाकला होता, बकले काढली होती, आणि त्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गाठ न देता, रबराच्या डिंकाने चिकटवली होती.