झूम भिंग कसे घडले?

वसईच्या किल्ल्यात सहल नेली की विद्यार्थी कॅमेऱ्याचे झूम फिरवून दूरचा बुरूज जवळ आणतात. तेव्हा आपण त्यांना विचारू या : चित्र मोठे होताना अंधुक का होत नाही?

उत्तराची सुरुवात शाळेच्या प्रयोगातच आहे. मेणबत्ती व पडदा यांच्यात बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराच्या चौपटीहून अधिक अंतर ठेवा. मधले भिंग सरकवले, की दोनच जागी प्रतिमा स्पष्ट उमटते. एकदा मोठी, एकदा लहान. मधल्या जागेत सारे अंधुक! झूमचा इतिहास म्हणजे ही मधली जागा जिंकण्याचा इतिहास.

१९०२ मध्ये क्लाइल ॲलन यांना अमेरिकेत अशा भिंगाचे पेटंट मिळाले. १९३२ मध्ये चित्रपटांसाठी ४० ते १२० मिलिमीटरचे 'कुक व्हारो' आले. पुण्यात प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाने डोळा पडदाभर दाखवला. पण टेलिफोटोचे नाभीय अंतर ठरलेले. स्थिरचित्रणासाठी ३६ ते ८२ मिलिमीटरचे 'झूमार' १९५९ मध्ये आले.

आजच्या बहुतेक झूममध्ये एक भिंगगट प्रतिमेचा आकार बदलतो, तर दुसरा त्याच वेळी सरकून अंधुकपणा दूर करतो. डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक लहान असेल, तर भिंगेही लहान चालतात.

'डिजिटल झूम' मात्र टिपलेलेच ठिपके मोठे करते. त्यातून बुरुजाचा एकही नवा दगड दिसत नाही. पुढच्या सहलीत दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहू या.