कस्तुरीचा हिशेब

मार्को पोलोच्या मृत्यूला ७०० वर्षं झाली म्हणून २०२४ साली व्हेनिसमध्ये डोजेंच्या राजवाड्यात त्याच्यावर मोठं प्रदर्शन भरलं. नावातच त्याला तेराव्या शतकातला व्हेनिसचा व्यापारी म्हटलं होतं. ते वाचून मला फार बरं वाटलं. ठाण्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे, तेव्हा मार्को पोलो म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे उंटांचा तांडा आणि कुबलाई खानाचा दरबार उभा राही. आता तर प्रदर्शनांत भिंतीभर चित्रं हलतात, वारा घुमतो, बघणारा त्या तांड्याबरोबर चालू लागतो. मुलांनी ते जरूर अनुभवावं. पण तांडा घरी पोचल्यावर काय झालं, तेही त्यांना दिसायला हवं.

१२७१ मध्ये, सतराव्या वर्षी निघालेला हा मुलगा १२९५ मध्ये परतला. पुढे जिनोवाच्या कैदेत त्याने आपली हकिगत पिसाच्या रुस्तिकेल्लोला सांगितली, तिचं पुस्तक झालं आणि आख्यायिका सुरू झाली. मला मात्र १३११ मधला एक खटला जास्त मोलाचा वाटतो. मार्कोने पाओलो जिरार्दोला अडतीवर विकायला कस्तुरी दिली होती. विकलेल्या अर्ध्या पौंडाचे पैसे आले नाहीत, आणि परत आलेला माल औंसाच्या सहाव्या भागाने कमी भरला. मार्को कोर्टात गेला आणि जिंकला. अर्धं जग पाहून आलेला माणूस औंसाच्या सहाव्या भागासाठी भांडतो, यात मला कोतेपणा दिसत नाही. कस्तुरी केवढ्या दुरून येते, हे त्याच्याइतकं व्हेनिसमध्ये कोणाला ठाऊक असणार?

९ जानेवारी १३२४ रोजी आजारी मार्कोने मृत्युपत्र केलं. ते चर्मपत्र व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात जपलेलं आहे. पत्नी दोनातासाठी वार्षिक तरतूद, फान्तिना, बेल्लेला, मोरेता या मुलींना मालमत्ता, आणि पीटर नावाच्या तार्तार गुलामाची मुक्तता. पीटर कुठून आला, कसा विकला गेला, याबद्दल तिथे अक्षर नाही. प्रदर्शनात या कागदासमोर मुलांना मी सगळ्यात जास्त वेळ थांबवीन. प्रवासाच्या वैभवात माणसांची खरेदी-विक्रीही होती, हे त्यांना कळायलाच हवं.

आणि त्याच्या पुस्तकात आपलं ठाणंही आहे. तो त्याला ‘ताना’ म्हणतो. तिथे मिरी नाही, पण काळपट धूप भरपूर, उत्तम कमावलेलं कातडं, सुती कापड. व्यापारी सोनं, चांदी, तांबं घेऊन येतात. हे सगळं बाजारहाट करणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे. पुढची माहिती जास्त बोचते. इथल्या राजाच्या संमतीने चाचे समुद्रात लूट करत. देशात घोडे पैदा होत नसल्यामुळे करार असा होता, की लुटीत सापडलेले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. हे राजाला शोभत नाही, असं मार्कोने स्पष्ट नोंदवलं आहे.

शाळेत शिकवताना मी धूप आणि कापड अभिमानाने सांगायचे, आणि घोड्यांचा करारही तितकाच सविस्तर सांगायचे. ठाण्याच्या मुलांसाठी असं दालन कधी उभं राहिलं, तर त्यात अरबी समुद्र ओलांडून आलेले घोडे उतरताना दिसावेत, आणि त्यांच्या मालकाची रिकामी गलबतंही.