ताप उतरला, ते तास

हे कुणा एका मुलाचं टिपण नाही. सिकलसेलच्या लहान मुलाच्या रक्तात न्यूमोकॉकस हा जंतू शिरला आणि घर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या लांबच्या पाड्यावर असलं, तर घड्याळ साधारण असं चालतं.

काही वर्षं आधी. वाकड्या तांबड्या पेशी पाणथरीत अडकून बसतात. जंतू गाळणारं हे इंद्रिय निकामी होत जातं. आपल्याकडच्या रुग्णांत ते बरेचदा फुगून हाताला लागतं. मोठं आहे म्हणजे चालतं आहे, असं मात्र नव्हे. ही उणीव औषध बरीचशी भरून काढतं: अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोनदा पेनिसिलिन घेणाऱ्या सिकलसेलच्या मुलांत न्यूमोकॉकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका ढळढळीत, की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

संध्याकाळी ६. अंग तापतं. थोडा खोकला. पोरांना ताप येतोच, म्हणून कुणी दचकत नाही. घरातली पॅरासिटामॉलची गोळी.

रात्री ८. घाम येतो, ताप उतरतो, पोरगं भाकरीचे दोन घास खातं. माझ्या मते घात होतो तो इथे. गोळीनं ताप खाली आणला, जंतूंना हातही लावला नाही.

मध्यरात्र. पोट गरम, तळवे गार. श्वास भरभर. गुंगीला घरचे झोप समजतात.

पहाटे ४. हाक मारली तरी डोळे उघडत नाही. आशाताईंना उठवतात. १०८ ची रुग्णवाहिका येणार ती गाडीरस्त्यापर्यंत. तिथवर बांबूची झोळी. वर्तमानपत्रात फोटो झोळीचाच छापून येतो. ती निघण्याआधी गेलेले दहा तास फोटोत येत नाहीत.

सकाळी ७. प्राथमिक आरोग्य केंद्र. सिकलसेलचं कार्ड सोबत असेल तर रिपोर्टची वाट न बघता सेफ्ट्रियाक्झोन द्यायचं असतं. शीर सापडली नाही तर मांडीतही देता येतं. कार्ड घरीच राहिलं, तर आधी मलेरियाचा शोध.

सकाळी १०. मोठ्या दवाखान्याकडे नेताना चांदसैली घाट, नंदुरबार अजून दूर. नाडी लागत नाही, रक्तदाब कोसळलेला, रात्रीपासून लघवी नाही. या टप्प्यावर अँटिबायोटिक गेलं तरी मूल हाती लागेलच असं नाही.

दोन दिवसांनी. ब्लड कल्चरचा रिपोर्ट येतो. न्यूमोकॉकस, दुसऱ्या एखाद्या मुलात साल्मोनेला. नाव कुठलंही निघो, ताप चढताच द्यायचं इंजेक्शन तेच होतं.