चालक प्रथिने आणि उंदरांमधील चेतासंधींची लवचिकता

चालक प्रथिने ही पेशीतील सूक्ष्म तंतूंवरून सरकत माल वाहून नेणारी प्रथिने आहेत. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्यांना एटीपी या रेणूच्या विघटनातून मिळते. कायनेसिन, डायनीन व मायोसिन ही त्यांची तीन प्रमुख कुले होत. वापरानुसार चेतासंधी बळकट किंवा दुबळ्या होण्याच्या गुणधर्माला चेतासंधींची लवचिकता म्हणतात व तो शिकण्याचा आणि स्मृतीचा पाया मानला जातो. या लवचिकतेत चालक प्रथिनांचा वाटा किती, याचा सर्वांत थेट पुरावा जनुकबदल केलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला आहे.

पार्श्वभूमी

कायनेसिनचा शोध १९८५ मध्ये रोनाल्ड वेल, मायकेल शीट्झ व सहकाऱ्यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या चेतातंतूंवर काम करताना लावला. उंदीर व मानव यांच्यात कायनेसिन कुलाची ४५ जनुके आहेत. कायनेसिन सूक्ष्मनलिकेवरून ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकते. चेतापेशीची प्रथिने मुख्यतः पेशीकायेत तयार होतात, तर चेतासंधी तिथून बऱ्याच अंतरावर असतात. त्यामुळे ग्राही प्रथिने वेळेवर पोहोचवणे हे वाहतुकीचेच काम ठरते.

केआयएफ१७ आणि एनएमडीए ग्राही

टोकियो विद्यापीठातील नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले की, केआयएफ१७ हे कायनेसिन एनएमडीए ग्राहीचा ग्लूएन२बी (जुने नाव एनआर२बी) हा उपघटक वृक्षिकांमधून वाहून नेते. माल थेट चालकाला जोडलेला नसतो. मिंट१ व इतर काही प्रथिनांचा दुवा मध्ये असतो.

२००२ मध्ये अग्रमेंदूत केआयएफ१७ जादा प्रमाणात निर्माण करणारे उंदीर तयार करण्यात आले. पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधण्याच्या चाचणीत ते सामान्य उंदरांपेक्षा सरस ठरले. त्यांच्यात ग्लूएन२बीचे प्रमाणही वाढलेले होते. याउलट, हे जनुक नष्ट केलेल्या उंदरांत (२०११) दीर्घकालीन सबलीकरण व दीर्घकालीन अवनमन हे दोन्ही मंदावले आणि हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेली स्मृती क्षीण झाली. येथे एक अनपेक्षित बाब आढळली. केवळ वाहतूक थांबली असती तर ग्लूएन२बी पेशीकायेत साचून राहायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या जनुकाचे प्रतिलेखनच घटले. शिवाय केआयएफ१७ ज्याची वाहतूक करत नाही, त्या ग्लूएन२ए उपघटकाचे विघटनही वेगाने होऊ लागले. म्हणजे वाहतुकीतील बिघाड पेशीकेंद्रकापर्यंत पोहोचतो. केआयएफ१७ला निव्वळ हमाल समजणे अपुरे आहे.

माल उतरवण्याची यंत्रणा

माल पोहोचवण्याइतकेच तो योग्य जागी सोडणेही महत्त्वाचे असते. चेतासंधी उद्दीपित झाली की कॅल्शियम आत शिरते व सीएएमके२ हे विकर केआयएफ१७च्या शेपटीतील १०२९ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट जोडते. त्यामुळे मिंट१शी असलेली पकड सुटते आणि ग्राही तिथेच उतरतात. ही यंत्रणा जिवंत प्राण्यात तपासण्यासाठी २०१२ मध्ये केआयएफ१७ नसलेल्या उंदरांत या प्रथिनाची तीन रूपे घालण्यात आली. मूळ रूपाने दोष भरून निघाले. फॉस्फेट स्वीकारू न शकणारे रूप माल सोडू शकले नाही, तर कायम फॉस्फेटयुक्त असल्यासारखे वागणारे रूप माल उचलूच शकले नाही. या दोन्ही गटांतील उंदरांची अवकाशीय स्मृती कमकुवत राहिली.

मायोसिन व इतर चालक

वृक्षिकांवरील कंटिकांमध्ये सूक्ष्मनलिका क्वचितच व थोड्या काळापुरत्या शिरतात. तिथे ॲक्टिन तंतूंचे जाळे असते, त्यामुळे अखेरच्या टप्प्याची वाहतूक प्रामुख्याने मायोसिनकडे असते. हिप्पोकॅम्पसमध्ये कॅल्शियम वाढताच मायोसिन ५बी पुनर्वापर पुटिका कंटिकेत ओढून आणते व त्यातून एएमपीए ग्राही पृष्ठभागावर येतात.

मायोसिन ५एचा इतिहास निराळा आहे. त्याचे जनुक प्रथम ‘डायल्यूट’ या फिकट रंगाच्या केसांच्या उंदरांमुळे ओळखले गेले. या जनुकाच्या तीव्र उत्परिवर्तनात अनुमस्तिष्काच्या पुरकिंजे पेशींच्या कंटिकांमध्ये आंतर्द्रव्य जालिका पोहोचत नाही, कॅल्शियमचा स्थानिक स्राव होत नाही आणि दीर्घकालीन अवनमन घडत नाही. अशा उंदरांना झटके येतात व अनेकदा ते सुमारे तीन आठवड्यांत दगावतात.

चाके, बोगदे व खेळणी असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांत बीडीएनएफ या वाढघटकामार्फत केआयएफ१एचे प्रमाण वाढते. केआयएफ१ए जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांत मात्र अशा वातावरणातही हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतासंधींची अपेक्षित भर पडत नाही.